न वाजलेली शिट्टी

१

तोताराम मेला तेव्हा खडकोदे गावातलं जवळजवळ प्रत्येक माणूस एकाच पत्र्याखाली बसलेलं होतं, आणि त्या पत्र्याखाली सुनंदाबाई नारखेडेही होत्या. पुढे सगळ्यांत अवघड होऊन बसली ती हीच गोष्ट.

होळी होऊन गेली होती, ऊन चढायला लागलं होतं. सोनगीरच्या पुढे आग्रा रोड सोडून आत वळलं की खडकोदे लागतं. गावामागच्या डोंगरावर रतिलाल शेठची दगडाची खाण. नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत महामार्गाचं काम जोरात होतं आणि शेठच्या खडीला सवड नव्हती. पण डोंगर संपत आला होता. शेजारचा दुसरा डोंगर गावाच्या मालकीचा, आणि गाव तो द्यायला तयार नव्हतं. वर्षानुवर्षं सगळे सुरुंग एकदम उडायचे, जमीन हादरायची, भिंतींना तडे जायचे, विहिरींचं बांधकाम ढासळायचं. गावानं ते पुष्कळ सोसलं होतं.

मग लीलाधर आला. शेठनं नेमलेला तरुण खाण-इंजिनिअर. त्यानं नवी रीत आणली होती. सुरुंगाची सगळी भोकं एकदम न उडवता एकामागून एक, पापणी लवते न लवते एवढं अंतर ठेवून उडवायची, म्हणजे हादरा वाटला जातो. आणि दगड काढून झाल्यावर खड्डा तसाच टाकायचा नाही, उतार काढून, तोंडाला बांध घालून गावाला तलाव म्हणून द्यायचा. गावाचा शेठवर विश्वास नव्हता, लीलाधरवर अर्धा होता. तो पुरा व्हावा म्हणून धुळ्याच्या भूजल खात्यातून सुनंदाबाईंना पंच म्हणून बोलावलं होतं.

सुनंदाबाई मूळच्या असोद्याच्या. पन्नाशी उलटलेली, जाड चष्मा, आणि खानदेशातल्या विहिरी मोजण्यात गेलेला जन्म. सकाळीच त्यांनी गावातल्या तडे गेलेल्या भिंतींवर प्लॅस्टरच्या पातळ पट्ट्या चिकटवून ठेवल्या होत्या. सुरुंगानंतर पट्टी तुटली तर तडा वाढला, गावानं नाही म्हणावं. शाबूत राहिली तर गावानं विचार करावा. इतका साधा करार.

सुरुंग सकाळीच उडायचे होते. पण शेठचे कुणी बडे पाहुणे धुळ्याहून यायचे होते, ते आलेच नाहीत. जेवणवेळ होऊन गेली. भरलेली भोकं डोंगरावर तशीच ठेवून गाव पंचायतीत पाहुण्यांची वाट बघत बसलं. वीज नव्हती. पत्रा तापला होता. वेळ काढायला म्हणून चुडामण नाना बोलायला उभे राहिले. खाणीविरुद्ध गाव उभं केलं ते यांनीच.

"शेठ दर सालले नवा शब्द देतस," नाना म्हणाले. "शब्दवर भिंत उभी राहत नही. मी आज इतलंच सांगस का..."

डोक्यावरचा पंखा कुरकुरला आणि फिरायला लागला. सुनंदाबाईंच्या पुढ्यातले कागद फडफडले, त्यांनी त्यांवर पालथा हात ठेवला. नानांचे शब्द ओठांतच राहिले होते. मग डोंगराकडून आवाज आला. एकच दणका नव्हे. रिकामी बैलगाडी दगडांच्या उतारावरून सुटावी तसा गडगडत आलेला.

क्षणभर कुणी हललं नाही. नंतर सगळे एकदम धावले.

तोताराम खाणीच्या कडेला दगडांखाली सापडला. गेली तीस वर्षं या डोंगराचा सुरुंगवाला तोच. त्याच्या उजव्या मुठीत पक्कड होती. खालच्या शेडपाशी लीलाधर एकटाच उभा होता, चेहरा पिठासारखा पांढरा. सुरुंग उडवायच्या यंत्राची चावी त्याच्या शर्टाच्या खिशात होती, आणि तसली चावी दुसरी नव्हती.

२

संध्याकाळपर्यंत गावानं खडीचे ट्रक अडवले, शेडची मोडतोड केली, आणि फौजदारांनी लीलाधरला जीपमध्ये घातलं नसतं तर त्याचीही गत शेडसारखीच झाली असती.

"बाई, तुमचा जबाब लागेल," फौजदार म्हणाले. "प्रकरण सरळ आहे. सुरुंगवाला जोडणी करायला वर गेला आणि या पोरानं न बघता यंत्र फिरवलं. परवा ग्रामसभा आहे. तोवर गाव शांत राहिलं तर बरं."

सोनगीरच्या चौकीत लीलाधर बाकावर बसला होता.

"यंत्राला मी हात लावलेला नाही, मॅडम," तो म्हणाला. "मी डबा खात होतो. तोताराम आबा खाली झाडाखाली जेवत होते. ते उठून वर कधी गेले ते मी पाहिलं नाही."

"भरलेली भोकं इतका वेळ का ठेवलीस?"

तो म्हणाला, "शेठ म्हणाले, पाहुण्यांसमोरच उडवायचं."

बाहेर रतिलाल शेठ उभे होते. धोतराचा सोगा हातात, घामाने ओले.

"बाई, एक विनंती आहे," ते हळूच म्हणाले. "तोताराम बिडी ओढायचा. त्यानंच काही गफलत केली असं तुमच्या जबाबात आलं, तर पोरगा सुटेल आणि खाणही वाचेल. मेलेल्या माणसाला काही शिक्षा होत नाही."

"त्याच्या बायकोला होते, शेठ," सुनंदाबाई म्हणाल्या आणि जीपकडे वळल्या.

पण या चाचणीला गावानं होकार दिला होता तो त्यांच्या शब्दावर. बाई आहेत ना, मग बघू, असं चुडामण नानासुद्धा म्हणाले होते. नव्या रीतीत खोट असेल, तर ती गावाच्या दारात आणून ठेवणाऱ्यांत त्याही होत्या.

३

दुसऱ्या दिवशी त्या पट्ट्या बघायला निघाल्या. गावात चुली थंड होत्या. ज्या ओसरीवर काल चहा मिळाला होता तिथं आज कुणी वर बघत नव्हतं.

पहिली पट्टी शाबूत होती. दुसरीही. शाळेच्या भिंतीवरची सगळ्यांत नाजूक, तीही. सुनंदाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एकही पट्टी तुटली नव्हती.

त्या शाळेच्या पायरीवर बसल्या. याचा अर्थ सुरुंग ठरल्याप्रमाणे एकामागून एक उडाले होते. आवाजही तसाच आला होता, गडगडत. म्हणजे जोडणी चोख होती. मग तोताराम पक्कड घेऊन वर काय दुरुस्त करायला गेला होता?

आणि दुसरी गोष्ट. त्या खाणीवर गेल्या तेव्हा मोडक्या शेडमध्ये खुंटीला तोतारामचं लाल निशाण गुंडाळलेलं लटकत होतं. शेजारी दोरीला त्याची शिट्टी.

खाणीचा मुकादम कौतिक तिथंच होता. तोतारामचा जावई. रात्रभर रडून डोळे सुजलेले.

"भरलेल्या भोकांजवळ जाताना सासरे हे निशाण रोवायचे ना?" त्यांनी विचारलं.

"निशान रोवल्याबिगर आनि शिट्टी मारल्याबिगर त्या कधी वर गयात नहीत, बाई. मन्हावर एकदा हात उगारा व्हता त्यासनी, मी शिट्टी इसरनू म्हनीसन."

"मग काल का नेली नाही?"

कौतिकनं मान हलवली. सुनंदाबाईंना मात्र उत्तर हळूहळू दिसायला लागलं होतं. लीलाधरनं सांगितलं म्हणून तोताराम गेला असता, तर शिट्टी वाजली असती. इतका शिस्तीचा माणूस शिट्टी मुद्दाम मागे ठेवतो, तेव्हा आपण वर चाललोय हे कुणाला कळू नये अशी त्याची इच्छा असते. त्याला तिथं काहीतरी दिसलं होतं, आणि ते गुपचूप काढून टाकायचं होतं. जिवाची जोखीम घेऊन एखादा माणूस झाकतो ते आपल्या माणसाचं पाप.

आणि तोतारामचा सगळ्यांत जवळचा माणूस आत्ता त्यांच्यासमोर उभा होता, सुजल्या डोळ्यांनी.

४

"कौतिक," त्या म्हणाल्या, "तू काय लपवतो आहेस?"

तो आधी नाही म्हणाला, मग खालीच बसला. जुन्या रीतीत सुरुंगाच्या कांड्या उरायच्या, त्यांचा हिशेब कुणी विचारायचं नाही. कौतिक त्या विहीर खोदणाऱ्यांना विकायचा. लीलाधर आला आणि एकेक कांडी मोजली जायला लागली. धंदा बसला. सासऱ्यांना कळलं तेव्हा त्यांनी घरात घेणं बंद केलं होतं.

"नवी रीत बुडाली असती तर तुझा फायदाच होता."

"व्हता," कौतिक म्हणाला. "पन काल मी सकायपासून आग्रा रोडवर पाहुनास्नी वाट देखत उभा व्हतू. चहाच्या टपरीवाल्याले इचारा. धडाका माले तठेच ऐकू उना."

सुनंदाबाईंनी टपरीवर विचारलं. खरं होतं. पण त्यानं त्यांचं समाधान झालं नाही. कौतिक रस्त्यावर, गाव पत्र्याखाली, शेठ गावासमोर, आणि डोंगराखाली एकटा लीलाधर. फिरून सगळं त्या पोराच्याच अंगावर येत होतं.

रात्री त्यांना पंचायतीच्या खोलीतच झोपायला जागा दिली होती. वीज गेलेली. त्या अंधारात पाठीवर पडून कालचा तो क्षण पुन्हा पुन्हा आठवत राहिल्या. आवाज आला. कागद उडाले. नाही. कागद आधी उडाले. त्यांनी कागदांवर हात ठेवला, आणि मग आवाज आला. कागद धडाक्यानं उडाले नव्हते. पंखा सुरू झाला म्हणून उडाले होते.

त्या उठून बसल्या.

खाण गावापासून मैलभर. सुरुंग उडाल्यावर त्याचा आवाज गावात पोचायला चार-पाच सेकंद लागणार. म्हणजे वीज आली तेव्हाच, अगदी त्याच घटकेला, डोंगरावर सुरुंग उडाला होता.

चावी लीलाधरच्या खिशातून निघालीच नव्हती. सुरुंग यंत्रानं नव्हे, गावच्या लाईनच्या विजेनं उडवला होता. आणि उडवणारा त्या वेळी कुठंही असू शकत होता. त्यांच्या शेजारीसुद्धा.

५

खाणीच्या कडेपासून दगड टाकावा एवढ्या अंतरावर एक विहीर होती. सकाळी सुनंदाबाई तिथं पोचल्या तेव्हा सुगंधाबाई कांद्याच्या वाफ्यात दारं धरत होती. डोक्यावरचा पदर सावरून ती बांधावर आली.

"ही मोटर तुमची?"

"आमनी नि नानानी. सामाईक शे." सुगंधाबाई चुडामण नानांच्या धाकट्या भावाची विधवा, विहीर दोन्ही घरांच्या मालकीची.

"परवा धडाका झाला तेव्हा तुम्ही कुठं होता? पंचायतीत दिसला नाहीत."

"आठेच, निंबनाखाले पडेल व्हतू. दुपारनी पाळी शे ना लाईननी ह्या हप्तामा, म्हनीसन थांबनू. धडाका व्हयना, मी दचकीसन उठनू, देखस तं मोटर चालू, पाटमा पानी."

"मोटर कुणी चालू केली?"

सुगंधाबाईला प्रश्नाचं नवल वाटलं. "ऑटो लायेल शे, बाई. लाईन उनी का आपेआप चालस."

"मग? पाणी चालू राहिलं?"

"कसानं राहस. नाना बठ्ठास्ना पहिले पयत उनात. मोटर बंद कयी, मंग खाणकडे गयात." तिनं वाफ्यांकडे हात केला. "देवमानूस शे. इतला धावपयमा बी त्यासले मन्हा वाफास्नी काळजी."

डोंगरावर दगड कोसळलेत, कुणी सापडलं असेल म्हणून सारं गाव जीव घेऊन पळतंय, आणि सगळ्यांत पुढे असलेला माणूस वाटेत थांबून आधी मोटर बंद करतो. वाफ्यांच्या काळजीनं?

मोटरीच्या खोलीत वायरचं एक वेटोळं खुंटीला टांगलं होतं. त्यांनी ते उतरवलं. एका टोकाचं रबर वितळून काळं पडलं होतं, आणि साऱ्या वेटोळ्यावर खाणीची पांढरी भुकटी होती.

आणि मग त्यांना ते वाक्य आठवलं, अर्ध्यावर राहिलेलं. सगळ्यांना वाटत होतं की ते धडाक्यानं तोडलं. पण नाना गप्प झाले ते पंखा सुरू झाला तेव्हा. धडाक्याच्या आधी. पत्र्याखालच्या शेकडो माणसांत पुढे काय ऐकू येणार ते ठाऊक असलेला माणूस एकच होता.

वायर हातात घेऊन त्या बराच वेळ विहिरीच्या काठावर बसून राहिल्या. या एका माणसाचा शब्द गाव मानत होतं. आणि त्यांना स्वतःलाही तो माणूस आवडत होता.

६

ग्रामसभा दुपारी होती. त्याआधी, फौजदारांना सगळं कळवून, सुनंदाबाई नानांकडे गेल्या. नाना खळ्यात बाजेवर बसलेले होते. कालच तोतारामची राख सावडून आले होते. वायर बघितल्यावर त्यांनी बाजूला सरकून सुनंदाबाईंना बसायला जागा केली.

"पंखा सुरू झाल्यावर तुम्ही बोलायचे का थांबलात, नाना?"

गोठ्यात एक म्हैस साखळी ओढत होती.

"माझी बायको कशी गेली ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल," ते म्हणाले. बाईंशी ते नेहमी शाळेतल्यासारखी मराठी बोलत. "धाब्यावर, घराच्या मातीच्या छतावर, कुरडया वाळत घालत होती. सुरुंग उडाला, घर हाललं, ती खाली पडली. कंबर मोडली. वर्षभर अंथरुणात होती, मग गेली. शेठ आले, म्हणाले, पुन्हा असं होणार नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा झालं. आता हा पोरगा म्हणतो, नवी रीत. मला वाटलं, हीसुद्धा तशीच. एकदा गावानं दुसरा डोंगर दिला की तीस वर्षं सुटका नाही. मग माझी नातवंडंही धाब्यावरून पडतील."

"म्हणून तुम्ही मोटरीवरून सुरुंगांना वायर जोडली."

"मी आणि तोतानं तरुणपणी जोडीनं विहिरी फोडल्यात, बाई. सुरुंग मला कळतो. पाहुणे येईनात, भोकं भरलेली, माणसं जेवायला खाली गेली. कुणी नव्हतं. लाईन दुपारी येणार होती. मला एवढंच हवं होतं की तो आपोआप उडावा आणि गावानं बघावं, ही रीत धन्याच्या हातात राहत नाही. खाण रिकामी होती. मी डोळ्यांनी बघून गावात आलो." त्यांनी वायरीकडे पाहिलं. "तोता तिथं कधी जाऊन झोपला, देव जाणे. सावलीला गेला असेल."

सुनंदाबाई थांबल्या. पक्कड फौजदारांनी पंचनाम्यातच ठेवून घेतली होती; तोताराम वर का गेला हे नानांना ठाऊक नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. न सांगताही भागलं असतं. पण सभेत फौजदार ते उघड करणारच होते, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकणं अधिक वाईट.

"तो झोपायला गेला नव्हता, नाना. त्याच्या हातात पक्कड होती."

नाना त्यांच्याकडे बघत राहिले.

"त्याला खालून वायर दिसली. ती कुठल्या विहिरीवरून आली तेही दिसलं असणार. त्यानं शिट्टी खुंटीवरच ठेवली, निशाण ठेवलं, लीलाधरलाही सांगितलं नाही. ओरडला असता तर सगळे धावून आले असते, आणि वायर कुणाची ते गावाला कळलं असतं. तुम्हाला कुणी काही बोलू नये म्हणून तो गुपचूप तोडायला गेला. तेवढ्यात लाईन आली."

नाना ओरडले नाहीत, रडले नाहीत. ते नुसते बाजेवर वाकत गेले, कंबरेत काहीतरी मोडल्यासारखे, आणि कपाळ गुडघ्यांना टेकून तसेच राहिले. म्हैस साखळी ओढत होती. सुनंदाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटूनही ठेवला नाही.

खूप वेळानं नानांनी विचारलं, "तुमच्या पट्ट्या तुटल्या का?"

"नाही. एकही नाही."

"एकही नाही," नाना म्हणाले. ते उठले, टोपी घातली. "चला. सभेची वेळ झाली."

७

सभेत नानांनी सगळं स्वतःच सांगितलं, कुणी विचारायच्या आत. पत्र्याखाली इतकी शांतता होती की बाहेरच्या लहान मुलांनाही कुणाला गप्प करावं लागलं नाही. शेवटी ते फौजदारांकडे वळून म्हणाले, "आणखी एक. बाईंच्या पट्ट्या शाबूत आहेत. त्या पोराची रीत खरी आहे. मी खोटा ठरलो."

रतिलाल शेठ लगेच उठले. "म्हणजे गावानं आता..."

"बसा, शेठ," सुनंदाबाई म्हणाल्या. त्या क्वचित आवाज चढवत, तो त्या दिवशी चढला. "रीत खरी आहे. पण रीत म्हणजे नुसतं यंत्र नाही. भोकं भरली की रान रिकामं करून लगेच उडवायची, हा तिचा पहिला नियम. तुम्ही पाहुण्यांच्या हारतुऱ्यांसाठी भरलेला डोंगर अर्धा दिवस तसाच ठेवला. लीलाधरनं ऐकलं. मी पंच होते, मीही तिथं बसून राहिले. नानांनी वायर लावली हे खरं, पण लावायला डोंगर आपण त्यांच्या हातात दिला."

लीलाधरला सोडून आणलं होतं. तो मागे उभा होता. "मी शेठना नाही म्हणायला हवं होतं," तो म्हणाला.

गावानं त्या दिवशी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. बराच गोंधळ झाला. अखेर सुगंधाबाई, जी एरवी सभेत बसतही नसे, दारातून म्हणाली, "जुना खड्डाले पहिले बांध घाला. त्यामा पानी थांबू द्या. मंग दुसरा डोंगर मांगा." शेठनी मान खाली घालून ते लिहून घ्यायला सांगितलं.

फौजदारांनी नानांना जीपमध्ये बसवलं. सुनंदाबाईंना धुळ्याला जायचं होतं, त्याही मागे बसल्या. गावाच्या टोकाला नाना म्हणाले, "साहेब, इथं थोडं थांबवा."

तोतारामचं घर. त्याची बायको शेवंताबाई सभेला आली नव्हती. ती उंबऱ्यात बसून होती, कपाळ रिकामं. नाना तिच्यासमोर अंगणात उभे राहिले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"माले ठावं शे, नाना," शेवंताबाई म्हणाली.

सुनंदाबाई जीपमधून उतरल्या.

"डबा मीच लई गयथू. भाकर अर्धी टाकीसन उठनात. मी इचारं, कोठे? तं म्हनेत, नानानी येडापना कया, ते निस्तरीसन येस."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?" सुनंदाबाईंच्या तोंडून निघून गेलं. "तो मुलगा कोठडीत होता."

"तोच घोर व्हता, बाई. एक मन म्हने सांग, त्या पोऱ्याना जीव जाई. दुसरं म्हने, मन्हा मानूस जे झाकाले गया नि जीव दिधा, ते मी कसं उघडं करू. आज सभाले निंघनू व्हतू. तीनदा उंबरावर उनू, तीनदा मांगे फिरनू."

नाना खाली वाकले. तिच्या पायांना हात लावायला त्यांचा हात पुढे आला, पण तिनं पाय आत घेतले. वयानं थोरल्या माणसाकडून नमस्कार घ्यायचा नाही म्हणून, की त्याच्याकडून काहीच घ्यायचं नाही म्हणून, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

"जा आते, नाना," ती म्हणाली. "तठे इचारतीन ते बठ्ठं खरं सांगा. त्यासनं झाकनं पुरं व्हयनं."